मेजरसाहेब पुन्हा बाकावर

मुलांनो, एकदा शाळा सुटली, कॉलेज संपलं, नोकरी लागली की परीक्षेची कटकट जन्माची मिटली, असं तुम्हाला वाटतं ना? वाटत असेल तर ही हकीकत वाचा. आणि वाचून झाली की आईबाबांच्या हातात द्या, कारण तसं त्यांनाही वाटत असतं!

समजा, एक मेजरसाहेब आहेत. वय पस्तिशीच्या आसपास. दहा-बारा वर्षं फौजेत काढलेली. बर्फात राहिलेत, वाळवंटात राहिलेत, शंभर-सव्वाशे जवानांची कंपनी सांभाळलीय. मैदानावर त्यांचा आवाज घुमला की टाचांवर टाचा आपटतात. असे हे मेजरसाहेब एका संध्याकाळी घरी येतात, बूट काढतात आणि म्हणतात, "निवड झाली. अमेरिकेला जायचंय. तिथल्या लष्करी कॉलेजात शिकायला."

घरात आनंदीआनंद! मग धाकटी कन्या हळूच विचारते,

"बाबा, तुम्हाला गृहपाठ असणार?"

"असणार."

"आणि परीक्षा?"

"एक तर जायच्या आधीच आहे!"

धाकटीला झालेला आनंद काय वर्णावा!

आता हे मेजरसाहेब भारताचेच असतील असं नाही. ते जपानचे असतील, केनियाचे असतील, ब्राझीलचे किंवा पोलंडचे असतील. आणि मेजरसाहेब म्हणजे बाबाच असं तरी कुठं आहे? आईसुद्धा असू शकते, बरं का! दरवर्षी जगभरातून असे शंभराच्या आसपास अधिकारी आपापली चंबूगबाळी आवरून अमेरिकेतल्या एका छोट्याशा गावी जाऊन पोचतात. त्या गावाचं नाव लेव्हनवर्थ.

नकाशा काढा पाहू. अमेरिकेच्या पोटात, अगदी बेंबीच्या जागी कॅन्सस नावाचं राज्य आहे. समुद्र नाही, मोठे डोंगर नाहीत. नजर पोचेल तिथपर्यंत शेतं आणि सूर्यफुलं. तिथं मिसुरी नदीच्या काठी १८२७ साली कर्नल हेन्री लेव्हनवर्थ यांनी एक ठाणं वसवलं. पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांचे तांडे या भागातूनच नदी ओलांडून पुढं जात. पुढं १८८१ साली जनरल विल्यम शर्मन यांनी इथं पायदळ आणि घोडदळातल्या अधिकाऱ्यांसाठी एक शाळा काढली. तीच आज अमेरिकी लष्कराचं 'कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेज' म्हणून ओळखली जाते. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, हजाराच्या वर विद्यार्थी, आणि जवळजवळ सगळे मेजर!

पहिला परदेशी विद्यार्थी इथं आला तो १८९४ साली, स्वित्झर्लंडहून. त्यानंतर येणाऱ्यांची रांग काही थांबली नाही. आतापर्यंत दीडशेहून अधिक देशांचे अधिकारी इथं शिकून गेलेत.

एक गंमत सांगते. याच लेव्हनवर्थमध्ये अमेरिकेचा एक प्रसिद्ध तुरुंग आहे आणि लष्कराचा वेगळा तुरुंगही आहे. त्यामुळं अमेरिकेत कुणाबद्दल "तो लेव्हनवर्थला गेला" असं म्हटलं की ऐकणारे चपापतात! तिथं शिकायला निघालेल्या माणसानं हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं.

कानांची परीक्षा

बाबांची पहिली परीक्षा इंग्रजीची. तुमच्यासारखा निबंध नाही. फीत लावतात. कुणी अमेरिकन माणूस भराभर काहीतरी बोलतो आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ चार पर्यायांतून निवडायचा. मग काही प्रश्न वाचून सोडवायचे. शंभरपैकी गुण. लष्करी कॉलेजासाठी ऐंशीच्या घरात हवेत. ज्यांचे कमी पडतात, त्यांना आधी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरी पाठवतात. तिथं परदेशी सैनिकांना इंग्रजी शिकवणारी एक मोठी शाळाच आहे. तिथं काही महिने इंग्रजी, मग पुढं कॅन्सस.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? आहे, बाळांनो! 'हिट' म्हणजे मारणं आणि 'सॅक' म्हणजे पोतं, हे शब्दकोशात सापडतं. पण अमेरिकन माणूस 'हिट द सॅक' म्हणाला, तर तो पोतं बडवायला निघालेला नसतो. तो झोपायला निघालेला असतो! आता हे शब्दकोश पाठ करून कसं कळणार? आपल्याकडे एखादा परदेशी पाहुणा आला आणि आपण त्याला म्हटलं, 'अमक्यानं पळ काढला', तर तो बिचारा विचारेल, कुठून काढला?

भारतातून जाणाऱ्यांचं इंग्रजी तसं पक्कं असतं, कारण आपल्या फौजेतलं वरचं शिक्षण इंग्रजीतच चालतं. पण तेही अडखळतात. कारण आपलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. आपण म्हणतो 'लेफ्टनंट', ते म्हणतात 'लूटेनंट'. आपण 'शेड्यूल', ते 'स्केज्यूल'. आपला 'झेड' तिकडे गेला की 'झी' होतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आद्याक्षरं! अमेरिकी लष्कर पूर्ण शब्द बोलतच नाही की काय, अशी शंका यावी. योजना आखण्याच्या पद्धतीला 'एमडीएमपी', त्यातल्या एकेका पर्यायाला 'सीओए', काम झाल्यावर करायच्या उजळणीला 'एएआर'. पाच वाक्यं ऐकली की त्यात आठ आद्याक्षरं. म्हणून जाण्याआधी शहाणे अधिकारी एक वही करतात. डाव्या बाजूला आद्याक्षरं, उजव्या बाजूला अर्थ. अगदी तुमच्या शब्दार्थांच्या वहीसारखी!

घरच्यांचीही परीक्षा

इकडे बाबा कानांत फीत घालून बसलेत, तोवर आई कागदांच्या ढिगाऱ्यात. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे 'इन्व्हिटेशनल ट्रॅव्हल ऑर्डर'. नाव लांबलचक, पण काम सरळ. कोण जाणार, कुठल्या अभ्यासक्रमाला, कधीपासून कधीपर्यंत, खर्च कोण करणार, आणि बायकोमुलांना बरोबर नेता येईल का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याशिवाय डॉक्टरी तपासणी, विमा, शाळेचे दाखले आणि मुलांची लसीकरणाची कार्डं. हे शेवटचं विसरून चालत नाही. कुठली लस कुठल्या तारखेला टोचली, हे दाखवल्याशिवाय तिथली शाळा आत घेत नाही.

आणि तारखेचीही गंमत आहेच. आपण ७/८ लिहिलं तर सात ऑगस्ट. अमेरिकेत तेच जुलैची आठ तारीख, कारण ते आधी महिना लिहितात. पण अमेरिकी फौज मात्र आपल्यासारखीच आधी दिवस लिहिते! म्हणजे बाबांनी कॉलेजात एका पद्धतीनं तारीख लिहायची आणि मुलांनी शाळेत दुसऱ्या. उष्णतामानाचंही तेच. तिथला टीव्ही सांगतो, आज शंभर अंश! घाबरू नका, पाणी उकळायला लागलेलं नसतं. ते फॅरनहाइट. एक सोपी युक्ती सांगते. फॅरनहाइटच्या आकड्यातून तीस वजा करा आणि उरेल त्याचं निम्मं करा. शंभरातून तीस गेले सत्तर, त्याचं निम्मं पस्तीस. खरं उत्तर अडतीसच्या जवळपास येतं, पण बाहेर जाताना टोपी घ्यायची की स्वेटर, हे ठरवायला एवढं पुरे. स्वेटर लागतोच हं! हिवाळ्यात कॅन्ससला पारा शून्याच्याही खाली उतरतो.

मुलांना छावणीतल्याच शाळेत घालतात. शाळांची नावंसुद्धा सेनापतींची: ब्रॅडली, आयझेनहॉवर, मॅकआर्थर, पॅटन. अमेरिकेत शाळेची पिवळी बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकायला लागले की मागच्याच नव्हे, तर समोरून येणाऱ्या गाड्यांनाही सहसा थांबावं लागतं. तसा कायदाच आहे. आपल्याकडच्या रिक्षांतून शाळेत जाणाऱ्यांनी यावर विचार करावा!

कॅन्ससमध्ये आणखी एक धडा असतो, तो म्हणजे चक्रीवादळाचा. समुद्रावरून येतं ते नव्हे. आकाशातून सोंडेसारखं खाली उतरतं आणि वाटेतलं घरदार उचलून फेकतं ते. त्याला 'टोर्नेडो' म्हणतात. त्यासाठी दोन शब्द पक्के पाठ हवेत. रेडिओवर 'वॉच' म्हणाले तर वादळाला पोषक हवा आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणाले तर वादळ कुठंतरी दिसलंय, ताबडतोब तळघरात पळा! शाळेत त्याची कवायतही होते. मुलं आतल्या बोळात भिंतीकडे तोंड करून खाली बसतात आणि डोक्यावर हात घेतात. इंग्रजीतला एक शब्द चुकला तर इथं गुण जात नाहीत, जीव जाऊ शकतो.

'नको' म्हणायचं कसं?

परदेशी अधिकारी आपल्या अमेरिकन वर्गबंधूंच्या आधीच, उन्हाळ्यात तिथं पोचतात. त्यांच्यासाठी आधी तयारीचा छोटा वर्ग असतो. आणि प्रत्येक कुटुंबाला काही यजमान कुटुंबं नेमून दिलेली असतात. साधारण एक छावणीतलं, एक लेव्हनवर्थ परिसरातलं आणि एक तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या कॅन्सस सिटी या मोठ्या शहरातलं. ही सगळी साधी माणसं. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी निवृत्त आजोबा-आजी. त्यांना याचे पैसे मिळत नाहीत. विमानतळावर घ्यायला येणं, बाजार दाखवणं, रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवायला धीर देणं, सणाला घरी बोलावणं, हे ते हौसेनं करतात.

आता इथं आपल्या मेजरसाहेबांची खरी कसोटी. कॅन्सस सिटी निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसासाठी प्रसिद्ध. यजमान अंगणात शेगडी पेटवतात. कुणा पाहुण्याला गाईचं चालत नाही, कुणाला डुकराचं चालत नाही, कुणाला कसलंच मांस चालत नाही. सांगायचं कसं? गप्प बसून उपाशी राहायचं की स्पष्ट बोलायचं? पहिल्याच दिवशी बोललेलं उत्तम, हे सगळे जुनेजाणते सांगतात.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे पाहुण्यानं आधी "नको, नको" म्हणायचं, यजमानानं "असं कसं, घ्याच!" म्हणायचं, पुन्हा "नको", पुन्हा "घ्या", आणि मग तिसऱ्यांदा ताट पुढं करायचं, अशी रीत. अमेरिकेत तुम्ही एकदा "नो, थँक यू" म्हणालात की संपलं! भांडं पुढच्या माणसाकडे गेलं! मनातून हवी असलेली खीर डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या वाटीत.

सगळ्यात अवघड वाक्य

ऑगस्टमध्ये प्रत्येक देशाचा झेंडा फडकवण्याचा सोहळा होतो आणि मग वर्ग सुरू होतात. एका खोलीत सोळा विद्यार्थी. बहुतेक अमेरिकन, त्यात एक-दोन परदेशी पाहुणे. शिक्षक व्याख्यान देत सुटत नाहीत. ते प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. मग एक मेजर म्हणतो हे बरोबर, दुसरा म्हणतो चूक. तिसरा थेट शिक्षकांनाच म्हणतो, "सर, तुमचं मला पटत नाही."

आणि शिक्षक रागावत नाहीत! उलट विचारतात, "का पटत नाही?"

आपले मेजरसाहेब चकित. जगातल्या कितीतरी फौजांमध्ये वरिष्ठाच्या तोंडावर असं बोलणं म्हणजे घोर अपराध. आणि स्वतःला न समजलेलं चारचौघांत कबूल करणं? छे! आपण आपल्या देशाचा झेंडा खांद्यावर घेऊन आलोय. आपण अडखळलो, तर ते म्हणतील यांच्या फौजेतले सगळेच असे. मग काय होतं? मेजरसाहेब मान डोलावतात. हसतात. गप्प बसतात.

समजा, नकाशावरची लढाई चाललीय. निळी चिन्हं आपली, तांबडी शत्रूची. एका चौकोनात फुली असली तर पायदळ, नुसती तिरकी रेघ असली तर घोडदळाच्या परंपरेतली टेहळणीची तुकडी. मेजरसाहेबांकडे काम आलंय ट्रकच्या ताफ्याला इंधन पुरवण्याचं. गटातला कुणीतरी भराभर म्हणाला, पल्ला दोनशे. दोनशे काय? लष्कराचे नकाशे असतात किलोमीटरमध्ये. पण अमेरिकन ट्रकचा काटा धावतो मैलांत, आणि इंधन मोजतात गॅलनमध्ये. विचारावं का? सोळाजण बसलेत. सगळ्यांना कळलेलं दिसतंय. जाऊ दे, किलोमीटरच असणार.

होते मैल! एक मैल म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर. म्हणजे खरा पल्ला तीनशेवीस किलोमीटरचा. मेजरसाहेबांचं इंधन दोनशेवर संपलं. ट्रक वाटेत उभे, पुढं गेलेली पलटण दारूगोळ्याविना. नशीब, सगळं कागदावर!

म्हणून तयारीच्या वर्गात परदेशी अधिकाऱ्यांना ज्या गोष्टींची सवय करून घ्यावी लागते, त्यात माझ्या मते सगळ्यात मोठी हीच. पुस्तकं वाचता येतात, शब्द पाठ करता येतात. पण पस्तीस वर्षांच्या, छातीवर पदकं असलेल्या माणसानं हात वर करून "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" म्हणणं, हे कुठल्या पुस्तकात लिहून शिकवणार? तुम्ही चौथीत हात वर करता ना, त्यापेक्षा ते शंभरपटीनं जड असतं. (आणि चौथीतसुद्धा ते सोपं नसतं, मला आठवतंय!)

त्यासाठी अमेरिकी लष्कराची एक रीत मला फार आवडली. काम संपलं की सगळे गोल बसतात आणि चार प्रश्न विचारतात. काय व्हायचं ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तसं का झालं? पुढच्या वेळी काय सुधारायचं? या वेळी हुद्दा बाजूला ठेवायचा. कोण चुकलं हे शोधायचं नाही, काय चुकलं ते शोधायचं. मेजरसाहेबांच्या ट्रकांची गोष्टही तिथं निघते. आणि मग कळतं की आणखी तिघांनी ते दोनशे किलोमीटरच समजले होते. त्यांनीही विचारलं नव्हतं, आणि ते तर अमेरिकनच होते!

आणखी एक नियम तुमच्या उपयोगाचा. हाती जेवढा वेळ असेल, त्यातला एक तृतीयांशच अधिकाऱ्यानं स्वतःच्या विचाराला घ्यावा, उरलेले दोन तृतीयांश हाताखालच्यांना तयारीसाठी सोडावेत. साहेबच शेवटपर्यंत विचार करत बसले, तर जवानांनी बूट कधी घालायचे? स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री नाटकाचं पुस्तक हातात देणाऱ्या ताई-दादांना हे जरूर सांगा.

पॅटनच्या वह्या

तयारीची एक खरीखुरी गोष्ट सांगते. १९२५ साली एक अमेरिकन मेजर याच कॉलेजात दाखल व्हायला निघाला होता. वय चौतीस. लेव्हनवर्थला येणारे बरेचजण आधी पायदळाच्या शाळेत शिकून येत. यानं ती शाळा केलेली नव्हती. आपण मागं पडणार, अशी त्याला धास्ती. त्यानं आपल्या जुन्या वरिष्ठांना, जनरल फॉक्स कॉनर यांना विचारलं, की मी आता तयारी कशी करू? पनामामध्ये असताना या कॉनरसाहेबांनी त्याला इतिहासाची पुस्तकं वाचायला देऊन नंतर खोदून खोदून प्रश्न विचारले होते. त्यांनी धीर दिला, की तुझी तयारी केव्हाच झालीय.

तरी मित्राच्या वह्या मिळाल्या तर कुणाला नको असतात? त्याचा एक मित्र आदल्याच वर्षी हे कॉलेज पास झाला होता. त्याचं नाव जॉर्ज पॅटन. पुढं दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांचा सेनापती म्हणून गाजला तोच! त्यानं आपली टिपणं देऊन टाकली. मग हा मेजर आणि त्याचा आणखी एक मित्र घरातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत नकाशे लावून अभ्यासाला बसत. बाकीचे विद्यार्थी मध्यरात्रीपर्यंत जागत. याचा नियम वेगळा. रात्री साडेनऊच्या सुमाराला पुस्तक बंद आणि झोप! सकाळी डोकं ताजं हवं.

१९२६ साली निकाल लागला. सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांत तो पहिला आला. त्याचं नाव ड्वाइट आयझेनहॉवर. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या तेव्हाचा सरसेनापती, आणि १९५३ पासून आठ वर्षं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. (पालकांनी साडेनऊच्या झोपेवर भर द्यावा, मुलांनी मित्राच्या वह्यांवर. दोन्ही बाजू खूश!)

भिंतीवरची माणसं

परदेशी विद्यार्थ्यांपैकी जे पुढं आपल्या देशाच्या फौजेच्या अगदी वरच्या पदाला पोचतात किंवा देशाचे प्रमुख होतात, त्यांच्या तसबिरी या कॉलेजात लावतात. १९७३ पासूनची ही प्रथा. सिंगापूरचे ली सिएन लूंग इथं १९७८-७९ मध्ये शिकले आणि २००४ ते २०२४ अशी वीस वर्षं पंतप्रधान होते. इंडोनेशियाचे सुसिलो बामबांग युधोयोनो १९९१ मध्ये इथून बाहेर पडले आणि २००४ साली राष्ट्राध्यक्ष झाले.

पण इथं शिकलेल्या सगळ्यांच्याच कहाण्या अशा सरळ नाहीत. पाकिस्तानचे झिया-उल-हक इथलेच विद्यार्थी. त्यांनी १९७७ साली फौजेच्या जोरावर आपल्याच देशाची सत्ता काबीज केली. आणि रवांडाचे पॉल कगामे यांचा अभ्यासक्रम तर अर्ध्यावरच राहिला. १९९० साली ते युगांडाच्या फौजेतून इथं आले होते. ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की त्यांच्या साथीदारांनी रवांडात लढाई सुरू केलीय आणि त्यांचा नेता सुरुवातीलाच मारला गेलाय. कगामे वह्या-पुस्तकं सोडून परतले आणि त्यांनी त्या लढाईची सूत्रं हाती घेतली. २००० साली ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

तेव्हा एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. अमेरिका हे सगळं नुसत्या प्रेमापोटी करत नाही. आज बाकावर बसलेला मेजर उद्या सेनापती होईल, आणि त्या वेळी त्याच्याशी जुनी ओळख असली तर बरं, हा हिशेब त्यामागं आहेच. राजकारण बिनसलं की जागाही जातात. २०१८ साली अमेरिकेनं पाकिस्तानी अधिकाऱ्यांचे असे प्रवेश थांबवले आणि पुढं काही काळानं ते पुन्हा सुरू केले. म्हणून जाणाऱ्या अधिकाऱ्यानंही हिशेब ठेवायचा असतो. काय शिकून घ्यायचं, काय बोलायचं आणि काय आपल्या पोटात ठेवायचं. मैत्री करायची, पण आपल्या घराच्या किल्ल्या देऊन यायच्या नाहीत!

आपल्याकडून गेलेल्यांतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे जनरल बिपीन रावत. नव्वदच्या दशकात ते लेव्हनवर्थला शिकले. २०१६ च्या अखेरीस भूदलप्रमुख झाले आणि १ जानेवारी २०२० पासून देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख. ८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून त्यांचं निधन झालं. त्यांच्या पत्नी आणि इतर सहकारीही त्यात गेले. त्या दिवशी ते कुठं निघाले होते ठाऊक आहे? वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात, विद्यार्थी अधिकाऱ्यांसमोर भाषण द्यायला.

नौदलवाल्यांची वाट मात्र कॅन्ससकडे जात नाही. ते जातात ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला, समुद्रकाठी. तिथं परदेशी नौदल अधिकाऱ्यांचा खास वर्ग १९५६ साली सुरू झाला. २०२४ मध्ये भारताचे नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेश त्रिपाठी त्याच वर्गात २००७-०८ मध्ये होते.

देवळालीची आठवण

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं किती लांबचं! नाशिकजवळचं देवळाली माहीत आहे ना? हिंदुस्थानातलं पहिलं लष्करी स्टाफ कॉलेज १९०५ साली तिथंच निघालं. दोन वर्षांनी ते क्वेट्ट्याला हलवलं. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेलं, म्हणून आपण आपलं नवं कॉलेज निलगिरीत वेलिंग्टनला उभारलं. लेव्हनवर्थला जे शिकतात, त्याच जातीचं शिक्षण इथं भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना मिळतं.

आणि इथंही दरवर्षी मित्रदेशांचे अधिकारी येतात बरं का! त्यांनाही आपली आद्याक्षरं कळत नाहीत. आपलं इंग्रजी त्यांच्या कानांना चमत्कारिक वाटतं. रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवायची म्हणजे त्यांची घाबरगुंडी उडते. बऱ्याचजणांबरोबर त्यांची तुमच्या वयाची मुलं असतात. ती सांबार-भात खायला शिकतात, लाख आणि कोटी मोजायला शिकतात.

त्यांना सगळ्यात मोठं कोडं पडतं ते आपल्या मानेचं. आपण मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे डोलावतो. ते "हो" असतं, "नाही" असतं, "बघू" असतं की "चालेल"? एखाद्या परदेशी मुलानं तुम्हालाच हे विचारलं, तर त्याला कसं समजावून सांगाल? दहा ओळींत लिहा आणि आमच्याकडे पाठवा. आरशासमोर उभं राहून आधी नीट पाहून घ्या मात्र!